फुली मारलेली सीडी

सीडी हातात आली की मी आधी तिच्या मधल्या भोकाकडे बघते. चित्र, नाव, गायक वगैरे सगळं नंतर. भोकाभोवती एक अरुंद चकचकीत कडं असतं. कारखान्यात छापलेल्या सीडीवर त्या कड्यात बारीक अक्षरं आणि आकडे असतात. सीडी उजेडात तिरकी धरली की ते दिसतात, सरळ धरली की नाहीसे होतात. बनावट सीडी काढणाऱ्यांत जे मोठे होते, ते हे आकडे खरवडून टाकत. जे छोटे होते, ते घरच्या कॉम्प्युटरवर कोऱ्या सीडी भरत. त्यांची सीडी ओळखायला भोकाचीही गरज नाही, नुसती उलटी करायची. छापील सीडीचं पोट आरशासारखं पांढरं असतं, घरी भरलेलीचं हिरवट किंवा जांभळट.

हे मला शिरीषकाकांनी शिकवलं. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुन्या सीडी, डीव्हीडी आणि रेकॉर्डचं दुकान आहे. मी तिथे अडीच वर्षं काम करते. सकाळी कॉलेज, दुपारी बारानंतर दुकान. हा लेख अंकवाल्यांनी खरं तर काकांकडे मागितला होता. ते म्हणाले, "मला पावती लिहायचा कंटाळा येतो. वैशालीला सांगा, ती कॉलेजात जाते." आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं लिहिता येतं असं घरीही वाटतं आणि दुकानातही. तसं काही नाही. पण एक गोष्ट माझ्या हातून घडली आहे, ती सांगावी असं बरेच दिवस मनात होतं.

आता सीडी घेतं कोण, असं सगळेच विचारतात. माझ्या मैत्रिणी तर मी संग्रहालयात काम करते असं म्हणतात. पण घेणारे आहेत. जुन्या गाडीत सीडीचाच प्लेअर असलेले ड्रायव्हर आहेत. खंडाळ्याच्या बंगल्यांत शनिवार-रविवार येणारे लोक आहेत, त्यांना फोनवरचं गाणं पातळ लागतं. आणि जमवणारे आहेत. ते फोटो मागवतात, भोकाचा वेगळा फोटो मागवतात आणि मग आम्ही कुरिअर करतो. त्यांना खरा मालच लागतो. बंगला विकला जातो, म्हातारे मालक मुलांकडे जातात, तेव्हा खोकीच्या खोकी आमच्याकडे येतात. ती निवडणं हे माझं काम.

पोट आणि भोक बघून झालं की कव्हर. काकांचं एक भिंग आहे, काडेपेटीएवढं. खऱ्या कव्हरवरची बारीक अक्षरं भिंगाखाली सलग दिसतात. खोट्या कव्हरवर ती ठिपक्यांची होतात, कारण ते कव्हर मुळात दुसऱ्या कव्हराचा फोटो असतो. काही खोट्या तर भिंगाशिवाय ओळखू येतात. एकाच डीव्हीडीत सहा सिनेमे, आणि वर हिरोचा फोटो सातव्याच सिनेमातला.

गिऱ्हाइकं मात्र भिंगात मावत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात तळेगावचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांना एका सिनेमाची हॉल प्रिंट हवी होती. हॉल प्रिंट म्हणजे कोणीतरी थिएटरात कॅमेरा लपवून नेऊन पडद्यावरून चोरलेला सिनेमा. मी त्यांना खरी डीव्हीडी दाखवली, चित्र स्वच्छ आहे असं मी म्हणाले. ते म्हणाले, "स्वच्छ नको गं बाळा. आमच्याकडे जी होती, तिच्यात मध्येच एक माणूस उठून जायचा. पडद्यावर त्याचं डोकं यायचं. आमची ही दर वेळी त्याला म्हणायची, बसा हो खाली." त्यांच्या 'ही' आता नव्हत्या. आमच्याकडे तशी डीव्हीडी नव्हती. असती तरी काकांनी दिली नसती.

कारण खोटा माल या बाबतीत काका फार कडक आहेत. त्यांचं दुकान मोठं होतं तेव्हा भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बबनदादा नावाचा माणूस प्लॅस्टिकच्या पाकिटात बनावट सीडी विकायचा. काकांच्या एका सीडीच्या किमतीत त्याच्या सहा यायच्या. काकांनी पोलिसांत तक्रार केली, त्याचा माल जप्त झाला, महिन्याभरात तो पुन्हा पायऱ्यांवर बसला. पुढे मोबाइल आले आणि दोघांचंही दुकान बसलं. काकांनी अर्धा गाळा चप्पलवाल्याला दिला, बबनदादाने भज्यांची गाडी टाकली. तेव्हापासून काका भुशीची भजी खात नाहीत.

म्हणून दुकानात नियम आहे. निवडताना खोटी सापडली तर विकायची नाही आणि कोणाला विकताही येणार नाही अशी करायची. त्यासाठी टेबलावर एक खिळा आहे. सीडीच्या पोटावर ओरखडा मारला तर तो घासून काढता येतो. छापलेल्या बाजूने मारला तर चंदेरी थरच निघून जातो, मग गाणं कायमचं गेलं. म्हणून फुली वरच्या बाजूने मारायची, भोकापासून कडेपर्यंत. फुली मारण्याआधी दोन खुणा बघायच्या, एकीवर भागवायचं नाही. आणि शेवटी वाजवून बघायची.

फुली मारलेल्या सीडी वाया जात नाहीत. दाणा भरायला लागला की वलवणपासून पार आतल्या गावांपर्यंतचे शेतकरी त्या मागायला येतात. भाताच्या खाचरात काठीला दोऱ्याने बांधल्या की वाऱ्यावर फिरतात, लखलखतात, पाखरं बसत नाहीत. आमचे आप्पा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी आहेत, आणि आमची थोडी खाचरंही आहेत. पहिला गठ्ठा आमच्याकडे जातो.

गेल्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या एका सोमवारी हौसामावशी दुकानात आल्या. वलवणच्या पुढच्या वाडीतल्या. हातात तांदळाची पिशवी, पिशवीत सीडी. सुनेने घर आवरायला काढलं होतं आणि सीडीचा प्लेअर केव्हाच बिघडला होता.

"भंगारवाला घ्यायला तयार न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणला, लोणावळ्यात एक येडा हाय, त्यो घेतो."

"तो येडा मीच," काका म्हणाले. "बसा मावशी."

पिशवीत तीसेक सीडी होत्या. चार खऱ्या निघाल्या. बाकीच्यांचं आम्ही काय करतो ते मी सांगितलं, तेव्हा मावशी हसल्या. "पाखरं भेत असली तर लय चांगलं. तुमाला काय करायचं ते करा."

त्या गेल्यावर मी खिळा घेतला. त्या दिवशी मला दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा अभ्यास होता. एकेक सीडी उलटी करत होते, कव्हर बघत होते, फुली मारत होते. त्यात एक होती, जांभळट पोटाची. कव्हर झेरॉक्सचं, एका बाजूला शाई पुसट. त्यावर हाताने लिहिलं होतं, 'मावळातली भलरी'. भलरी म्हणजे भात लावताना म्हणायची गाणी. कुठल्या तरी कंपनीच्या कॅसेटवरून कोणीतरी उतरवून घेतली असणार, असं मला वाटलं. दोन खुणा झाल्या होत्या.

मी ती वाजवून बघितली नाही.

संध्याकाळी त्यातला एक गठ्ठा आप्पांना दिला. दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला गेले, आप्पा खाचरात गेले.

पुढच्या आठवड्यात मावशी परत आल्या. या वेळी पिशवी नव्हती. पायरीवरूनच म्हणाल्या, "पोरी, मागल्या सोमवारी मी आलती. वळखलंस का?"

"हो मावशी. या ना."

"त्यात आमच्या म्हाताऱ्याची एक गेली बघ. सुनंनं समद्या एकात कोंबल्या. तिचा काय दोष न्हाई, तिला ठावं नव्हतं. त्येंचा आवाज हाय तिच्यात, भलरीचा. येत्या पंधरवड्यात वरीसश्राद्ध हाय. नातवानं आज्याचं गाणं कदी ऐकल्यालं न्हाई. म्हणलं, कुणाचं तरी मशीन आणू आन लावू."

त्या बोलत असताना मला ते झेरॉक्सचं कव्हर दिसत होतं. काका कुरिअर द्यायला गेले होते. मी म्हणाले, "शोधते."

शोधायचं काहीच नव्हतं. ती कुठे आहे हे मला माहीत होतं. तो शब्द मी का बोलले, यावर नंतर मी खूप विचार केला आहे.

घरी जाऊन तशीच खाचरात गेले. बांधाबांधाने अकरा सीडी फिरत होत्या. सातवी ती होती. भोकातून सुतळी, अंगावर माझी फुली, आणि आठवडाभराच्या उन्हा-पावसाने पोटाचा जांभळा रंगही उडाल्यासारखा झालेला. मी ती सोडवत होते तेव्हा आप्पा आले.

"ती कशाला काडती? लय झ्याक फिरतीया."

मी सांगितलं. सुतळीची गाठ मला सुटेना, ती त्यांनी सोडवून दिली.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती दुकानातल्या तिन्ही प्लेअरवर लावली. प्लेअर थोडा वेळ घरघर करायचा आणि डिस्क नाही असं दाखवायचा. कॉम्प्युटरवर लावली, तोही गप्प. काकांनी चष्मा काढून पुसला.

"दोन खुणा होत्या?"

"होत्या."

"वाजवलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जाऊन सांग त्यांना. मी येऊ का बरोबर?"

मी एकटीच गेले. वाटेत तीन वेळा वाक्य ठरवलं, तिन्ही वेळा त्यात 'चुकून' हा शब्द आला. चुकून नव्हतं ते. मी नीट बघून, विचार करून फुली मारली होती.

मावशी अंगणात पावटे सोलत होत्या. मी सीडी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, ही आता वाजत नाही, माझ्यामुळे.

त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. फुलीवरून अंगठा फिरवला. "ही तू मारलीस?"

"हो."

"का गं?"

"खोटी वाटली."

"खोटी?" त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "अगं, मी तितं व्हते की. ह्याच पडवीत बसून म्हणली त्यांनी. सात गडी व्हते. मी समद्यांना चा करून दिलता. भुशीवरचा बबन्या आलता मशीन घिऊन. त्येनंच भरल्या सीड्या, त्येनंच कागूद काडला. जत्रंत वाटल्या. आन खोटी कशी?"

काकांनी शिकवलेल्या सगळ्या खुणा या एका समजुतीवर उभ्या होत्या, की खरी सीडी कारखान्यातून येते आणि घरी भरलेली तिची चोरी असते. पण पडवीत गायलेल्या गाण्याला कारखाना कुठला? त्याची खरी सीडी जांभळ्या पोटाचीच असणार. झेरॉक्स हेच तिचं कव्हर.

"दुसरी कोणाकडे असेल का?" मी विचारलं.

"व्हत्या. जत्रंतल्या कुटं गेल्या ठावं न्हाई, पर वाडीत सात घरांत व्हत्या. कुणाची फुटली, कुणाच्या पोरांनी चाकं केली. मी कालच इचारून आले. आमचीच तेवढी राह्यलीती." मग त्या म्हणाल्या, "त्या बबन्याला इचार की."

हे काकांना सांगायला मला मावशींना सांगण्यापेक्षा जास्त धीर लागला. बबनदादाचं नाव ऐकून त्यांनी भिंग पुसून खणात ठेवलं. मग शटर ओढलं. दुपारी तीन वाजता आमचं शटर मी पहिल्यांदा बंद झालेलं पाहिलं.

भुशीला गर्दी नव्हती. बबनदादा कढईसमोर उभे होते. काकांना बघून त्यांनी झारा वर धरला. "या शेट. छापा टाकायला आला का? कांदाभजी जप्त करा, बटाटा आजून तळायचाय."

काका म्हणाले, "काम आहे."

"त्ये दिसतंयच. अठरा वर्सांनी कोण भजी खायला येतंय व्हय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, खिळ्यासकट. मावशींच्या नवऱ्याचं, म्हणजे आबांचं, नाव घेतल्यावर बबनदादांनी गॅस बारीक केला. तोपर्यंत ते काकांशी बोलत होते, आता माझ्याकडे वळले.

"आबांनी मला सांगितलंतं, पन्नास काड. पन्नासच. जास्ती काडून पायऱ्यांवर इकायच्या न्हाईत. आमची गाणी दारू पिऊन नाचणाऱ्यांसाठी न्हाईत म्हणले. मी कदी शपथ घेत न्हवतो, त्या दिवशी घेतली. पन्नास काडल्या आन तितंच पुसून टाकलं समदं."

"म्हणजे काहीच नाही तुमच्याकडे?" मी म्हणाले.

बबनदादांनी बायकोला कढई बघायला सांगितली आणि गाडीमागच्या खोपटात गेले. बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात गाडीचे कागद, रेशनकार्ड आणि रुमालात गुंडाळलेली एक सीडी. कव्हर नव्हतं.

काकांनी ती घेतली आणि सवयीने उजेडात तिरकी धरली.

"भोकात काय बघता शेट? म्हातारा भोकात न्हाई बसल्याला."

काकांनी उलटी केली. जांभळी. "पन्नास काढल्या म्हणालास. मग ही?"

बबनदादा झाऱ्याचं तेल निथळत राहिले. "ही एक्कावन्नावी. आवाज लय आवडलाता मला. इकली न्हाई कुनाला. पर आबांना सांगितलं बी न्हाई."

"म्हणजे ही चोरीची."

"व्हय," बबनदादा म्हणाले. "ही तेवढी चोरीची."

काका ती सीडी हातात धरून बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "एक प्लेट दे." मी त्यांना अडीच वर्षं ओळखते. ते तळलेलं खात नाहीत.

दुकानात येऊन आम्ही ती लावली. वाजली. एका ठिकाणी थोडी अडखळली, मग पुढे गेली. ती फोनमध्ये उतरवून घ्यावी असं मी म्हणाले, तर काकांनी प्लेअर बंद केला. "विचारलंस का? गाणं त्यांचं आहे. आपल्या दुकानात परवानगीशिवाय उतरवलेलं काही नसतं." मी पुन्हा वाडीवर गेले. मावशी म्हणाल्या, "आता ह्ये बी इचारायचं असतं व्हय?" आणि हो म्हणाल्या. मग उतरवलं. बबनदादांची सीडी त्यांना परत दिली. काकांनी तिला नवीन पाकीट घातलं होतं, आमच्या दुकानात खऱ्या मालाला घालतो ते.

आता आम्ही प्रत्येक सीडी वाजवून बघतो, थेट शेवटापर्यंत. फार वेळ जातो. फुलीवाल्या सीडी कमी पडतात म्हणून शेतकरी कुरकुर करतात. एका पिशवीत कोणाच्या तरी बारशाचं रेकॉर्डिंग निघालं, एकीत शाळेचं स्नेहसंमेलन. ती आम्ही परत पाठवली. एक कोणाची ते अजून कळलं नाही, तिच्यात एक बाई वीस मिनिटं पाककृती सांगते. ती खिळ्याच्या शेजारीच ठेवली आहे.

वर्षश्राद्धाला मावशींनी मला बोलावलं होतं. आबांच्या फोटोला हार होता, समोर नैवेद्याचं ताट आणि ताटाशेजारी चहाचा कप. आबांना चहा लागायचा, असं सून म्हणाली. जेवणं झाल्यावर त्यांच्या मुलाने शेजाऱ्याचा स्पीकर आणला, मी फोन जोडला. नातू अगदी स्पीकरला नाक लावून बसला.

आधी खरखर आली. मग एक जाड आवाज म्हणाला, "लागलं का रं मशीन?"

"लागलंय आबा. म्हणा." हा बबनदादांचा आवाज, बारीक, तरुण.

मग कपबशीचा आवाज झाला आणि लांबून एक बाई म्हणाली, "आवं, चा गार व्हईल."

"ठिव तितं. गाणं झाल्यावर पितो."

आणि सात जणांनी भलरी धरली. नातू हसला. वाडीतली म्हातारी माणसं माना डोलावू लागली. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"मागं घे," त्या म्हणाल्या.

मी मागे घेतलं. मशीन, कपबशी, चहा. गाणं सुरू झालं तशा त्या म्हणाल्या, "आजून एकदा."

मी पुन्हा मागे घेतलं. लांबून ती बाई म्हणाली, चा गार व्हईल. आबा म्हणाले, ठिव तितं, गाणं झाल्यावर पितो.

या वेळी मी थांबवलं नाही. सगळी गाणी झाली, स्पीकर खरखरला आणि बंद पडला. मावशी उठल्या, फोटोपुढचा गार झालेला कप उचलून आत गेल्या, आणि वाफाळता भरून आणून परत तिथेच ठेवला.

"झालं गाणं," त्या म्हणाल्या. "आता प्या."